नदीपलीकडची अकरा एकर

।। श्री गुरुदेव दत्त ।।

मी, रघुवीर महादेव कोळेकर, जन्मगाव मौजे देवघोल, वारणाकाठ, हल्ली मुक्काम साउथहॅम्प्टन, वय पन्नासला एक कमी, काम बंदरातील धक्क्यांची देखभाल पाहणारा इंजिनिअर, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवसाउजेडी, चहा पिऊन लिहीत आहे. डोके जागेवर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. उलट घरातील सगळे "आत्ता कशाला हे अभद्र" म्हणून मागे लागले आहेत. उन्हाळ्यात माझ्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, आता कैक वर्षे काळजी नको. मी त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन कागद काढला. पूल तपासायचा तो भेग पडण्याआधी, ही आमच्या धंद्यातली रीत आहे.

वकिलांनी इंग्रजीत दोन कागद केले आहेत, एक इथल्या मालमत्तेचा आणि एक अमेरिकेतल्या जमिनीचा. कोर्टात ते चालतील. हा मराठी कागद घरच्यांनी वाचावा म्हणून आहे, कारण वकिलांच्या कागदात "का" हा शब्द कुठेच आलेला नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घराण्यात एकच झाले. मी चौथीत असताना वारणेला पूर आला, तेव्हा वडिलांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ओरडून सांगितले, "म्हैस आप्पाला, देव माझ्याकडं!" पाणी ओसरले तसे तेही रद्द झाले. आप्पाकाकांनी म्हैस मात्र परत दिली नाही. त्याबद्दल मी त्यांना या कागदाने माफ करतो. म्हैस केव्हाच गेली, काकाही गेले.

कलम १. साउथहॅम्प्टनचे राहते घर पत्नी डॉ. श्यामला हिला. शेजारच्या गृहस्थांची कुंपणाची झुडपे आमच्या हद्दीत हातभर येतात. मी अकरा वर्षे हसून बोललो. श्यामलेने हसावे की कौन्सिलला कळवावे हे तिचे तिने ठरवावे. तिथल्या गुलाबांना मात्र हात लावू नये, ते त्यांच्या हद्दीत असले तरी दत्ताच्या फोटोला रोज आपणच वाहतो, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

कलम २. शिल्लक सारी श्यामला आणि कन्या वैभवी यांची, निम्मी निम्मी. यावर लिहिण्यासारखे काही नाही, यातच समाधान आहे.

कलम ३. हत्यारे. पितळी ओळंबा, दोन पाणसळी आणि मोठा ड्रिल. ओळंबा आणि पाणसळी वैभवीला. ती केंब्रिजमध्ये खडकांचा अभ्यास करते, तिला सरळ रेषेची किंमत आहे. ड्रिल कोणाला, यावर वाद झाला. आमचे मित्र उल्हास यांना मी साक्षीदार व्हायला बोलावले. मी समजावले की इंग्लंडच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

"काहीच नाही?" उल्हास म्हणाला.

"काही नाही."

"मग ड्रिलचं काय?"

"साक्ष दिलीस तर ड्रिल गेला."

"असं आहे तर मग मी साक्षीदार नाही," असे म्हणून त्याने पेन खाली ठेवले आणि दुसरी पोळी घेतली. सबब ड्रिल उल्हासला.

माझ्या वडिलांचे वल्हे बैठकीच्या भिंतीवर आहे. देवघोलला पूल झाला तेव्हा त्यांची नाव थांबली, आणि पुढे मी पूल बांधण्याचेच शिक्षण घेतले. ते म्हणायचे, "बापाच्या पोटावर पाय देणारा धंदा बरा निवडलास, रघ्या." पण पहिल्या पगाराचे पेढे त्यांनीच गावभर वाटले. वल्हे भिंतीवरच असू द्यावे. घर विकल्यास वल्ह्यासकट विकू नये.

कलम ४. आता या कागदाचे खरे कारण. अमेरिकेतील हॅलोरन काउंटीत आम्हा उभयतांच्या नावे, सारख्या हिश्शाने, अकरा एकर जमीन आणि तीवरील लाकडी घर आहे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे चतुःसीमा लिहितो.

पूर्वेस सॉरेल नदी. पश्चिमेस सॉरेल नदीचेच जुने पात्र, जिथे आता मका उभा असतो. दक्षिणेस सरकारी पाणथळ, वहिवाट बदकांची आणि कासवांची. उत्तरेस मातीचा बांध, त्यावरचा खडीचा रस्ता, आणि मी ज्याच्या कामावर होतो तो पूल.

दोन बाजूंना एकच नदी कशी, हे वाचणाऱ्याला पडेल ते कोडे मलाही पहिल्या दिवशी पडले होते. हॅलोरन काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा विरळ तालुका समजावा. ती नदीच्या पूर्वेला पसरलेली आहे, आणि नदी हीच तिची पश्चिमेची हद्द. काठाला सपाट काळी जमीन, मका आणि सोयाबीन, मागे ओकच्या टेकड्या. पण नकाशात काउंटीचा एक तुकडा नदीपलीकडे, परक्या काउंटीच्या अंगाला चिकटून दिसतो. मी कचेरीत जाऊन तिथल्या बाईंना नम्रपणे म्हणालो, "नकाशा चुकला आहे."

त्या म्हणाल्या, "नकाशा बरोबर आहे. नदी चुकली आहे."

झाले असे की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका पुरात नदीने आपले पात्र सोडले आणि पूर्वेला नवे धरले. काउंटीचा तो तुकडा एका रात्रीत पलीकडे गेला. तिथला कायदा मला फार आवडला. नदी दरवर्षी थोडी थोडी सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते; पण तिने एकदम उडी मारली तर हद्द जुन्या पात्रातच राहते. मी देवघोलहून पुण्याला, पुण्याहून हॅलोरनला आणि तिथून इथे आलो. सारख्या उड्याच मारल्या. त्यामुळे माझी हद्द कुठे आहे, हे मला विचारावे लागत नाही.

त्या मुलखाचा इतिहासही थोडा लिहून ठेवतो, म्हणजे वैभवीच्या मुलांना आजोबांनी नुसती चिखलाची जमीन घेतली असे वाटू नये. आधी तिथे मूळचे लोक राहत, मासे आणि शिंपले यांवर जगत. त्यांना हुसकावले, त्यांनी ठेवलेली ओढ्यांची नावे मागे राहिली, ती आता कोणालाच धड उच्चारता येत नाहीत. मग नावाडी आले, मग आगबोटींना लाकूड पुरवणारे, मग शिंपल्यांची बटणे कापणारे. नांगर लावला की आजही गोल भोके पडलेले शिंपले वर येतात. बटणे जगभर गेली, भोके काउंटीत राहिली. रेल्वे दुसऱ्याच गावावरून गेली, त्या दिवसापासून वस्ती उतरणीला लागली. कोर्टाची इमारत पुरामुळे तीनदा हलवली, आता ती टेकडीवर आहे आणि तिथून नदी दिसत नाही, म्हणून न्यायाधीशांना झोप चांगली लागते असे लोक म्हणतात.

लोकसंख्या हल्ली चारेक हजार. जर्मन आणि नॉर्वेजियन आजोबांची नातवंडे, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी मेक्सिकन कुटुंबे, चर्च इतकी की रविवारी प्रत्येकाच्या वाट्याला एक बाक यावा. मी, श्यामला आणि छोटी वैभवी तिथे गेलो तेव्हा मराठी लोकसंख्या शून्याची तीन झाली. नदीपलीकडच्या तुकड्याची टाउनशिप, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखा काउंटीचा भाग, मात्र वेगळी, आणि तिथे कायम राहणारे माणूस एकच: डेल्मा हॉस्किन्स. आज तिचे वय ऐंशीच्या आसपास. निवडणुकीला मतपेटी तिच्याच स्वयंपाकघरात येते, कारण टाउनशिपमध्ये दुसरे छप्पर नाही. दोन अधिकारी दिवसभर बसतात, सफरचंदाचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ खातात, ती एकदाच पडद्यामागे जाऊन येते. मतदान गुप्त असते. निकाल मात्र सगळ्या काउंटीला कळतो.

"मी गेले की ही टाउनशिप नकाशावरून पुसणार," ती एकदा मला म्हणाली. (ती इंग्रजीत बोलते, मी मराठी करून लिहितो.) "म्हणून मी डॉक्टरकडे जात नाही. गेलेली माणसं तिथूनच जातात."

कलम ५. माझा आणि डेल्माचा संबंध असा.

पुलाचे काम पुरे झाले तेव्हा मला चैन पडेना. आमच्याकडे नदीवर काही बांधले तर तिची ओटी भरतात. वाहतूक सुरू व्हायच्या आदल्या सकाळी श्यामलेने बांबूच्या टोपलीत हिरवा खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकू, मूठभर तांदूळ ठेवले. टोपलीवर हात जोडले आणि आम्ही ती सॉरेल नदीत सोडली. नदी वळणाआड घेऊन गेली. मला फार हलके वाटले.

दुपारी दारात एक जुना ट्रक थांबला. गमबूट घातलेली एक बाई उतरली, हातात आमची टोपली.

"तुमचंच ना? नदीत पडलं होतं," ती म्हणाली. "गळाच्या काठीनं ओढून काढलं. तांदूळ वाचवता आले नाहीत, सॉरी. काउंटीत हे फळ फक्त तुमच्याच घरी असणार, म्हणून विचारत आले."

तिने पूर्ण मनाने केलेले काम, आणि आम्ही दोघे दारात दगड झालेलो. नदीला दिलेले परत घेता येत नाही. आणि दारी आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवता येत नाही. मी गोंधळलो. श्यामला गोंधळली नाही. ती म्हणाली, "अहो, बघत काय बसलात? नदीनं पत्ता बदलून पाठवली ओटी. हिचीच आहे ती." आणि तिने डेल्माला पाटावर बसवून, कुंकू लावून, ती टोपली तिच्या ओटीत घातली. डेल्माने शर्टाचा घोळ पुढे धरला, जसा मक्याची कणसे घेताना धरतात तसा.

तिचा नवरा रॉय त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. देवघोलहून आत्या फोनवर तडकली, "विधवा बाईची ओटी भरलीत? काय म्हणावं तुम्हाला!" मी आत्याला म्हणालो, "आत्या, नदीनं विचारलं नाही, मी कोण विचारणार?" आत्या म्हणाली, "नारळ गोड निघाला का?" गोड निघाला होता.

रॉयच्या मागे मुलांना जमीन विकून आपापले हिस्से हवे होते. डेल्माला राहायचे होते. म्हणून ती अकरा एकर घरासकट आम्ही घेतली. व्यवहार झाला त्या संध्याकाळी तिच्या ओसरीवर मी म्हणालो, "तू आहेस तोवर घर तुझं." मी म्हणालो, लेखी करू. ती म्हणाली, "इथे कागद भिजतात. हात दे." मी हात दिला. आज तिच्याजवळ त्या हाताखेरीज काही नाही, आणि जाळी बसल्यापासून माझ्या ध्यानात आले आहे की हात काही कायमचा नसतो.

सबब, सदर घरात डेल्मा हॉस्किन्स हिला तहहयात राहण्याचा हक्क असावा. भाडे नाही. तिला कोणी उठवू नये. बदकांच्या शिकारीचा एक क्लब त्या जागेवर लॉज बांधायला दरवर्षी मागणी करतो, त्याला ती हयात असेपर्यंत नकार कळवावा. ज्या बाईची ओटी आपल्या घरातून भरली, तिला आपल्याच हाताने घराबाहेर काढता येत नाही. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

कलम ६. या कागदाची अंमलबजावणी मेहुणे पुष्कर यांनी करावी. पुष्कर इल्फर्डला राहतो, बँकेत आहे, आणि कलम ५ ला त्याचा पूर्ण विरोध आहे. तो मागच्या रविवारी याच टेबलावर म्हणाला, "दाजी, प्रॉपर्टी सेंटिमेंटवर चालत नाही. क्लबची ऑफर रिअल आहे. उद्या पूर आला की झीरो."

"पूर येतोच," मी म्हणालो. "घर उंचावर आहे."

"आणि ती बाई नव्वद वर्षं जगली तर?"

"तर मतपेटीवाल्यांना आणखी पाय मिळेल."

"दाजी, आय गिव्ह अप. पण लिहून ठेवा, मी ऑब्जेक्ट केलं होतं."

लिहून ठेवले. त्याच्यावर माझा एवढा विश्वास आहे की ज्याला एखादी गोष्ट पटली नाही आणि तरी ती चोख करतो, त्याच्याच हाती ती द्यावी.

कलम ७. माझी राख. देवघोलला नेता आली तर वारणेत, नाहीतर इथल्या समुद्राच्या तोंडाशी. पाणी पाणीच आहे, भांडू नये. सॉरेल नदीत मात्र सोडू नये. डेल्मा ती काढून, वाळवून, पोस्टाने परत पाठवील.

कलम ८. इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो, कारण वरील कलम ५ माझ्या निम्म्या हिश्शापुरतेच चालते. उरलेले निम्मे श्यामलेचे, आणि ती तीन आठवडे या विषयावर बोलत नव्हती. तिच्या होकाराशिवाय डेल्माचे घर म्हणजे अर्धा पूल. तो अमुक इतका चांगला बांधला, असे सांगून काही उपयोग नाही.

तिचे म्हणणे मी प्रामाणिकपणे लिहितो. हॅलोरनमध्ये मी पूल बांधत होतो तेव्हा तिच्या डिग्रीला तिथे मान्यता नव्हती. वर्षे गेली. तिने लोणची घातली, लायब्ररीत पुस्तके लावली. शेवटी इथे येऊन तिने सारे पुन्हा सुरू केले आणि आज ती हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे. "तुम्हाला त्या नदीची आठवण येते," ती मला म्हणाली, "मला येत नाही. माझं नाव त्या जमिनीवरून सुटावं एवढंच मला वाटतं. डेल्मावर राग नाहीये हो माझा."

वैभवी रविवारची घरी आली होती, पुष्करही टेबलाशी होता. ती म्हणाली, "आई, पण ती घर तर डेल्माची आहे ना?"

"ते घर," श्यामला म्हणाली, "आणि डेल्माचं."

"तेच म्हणते मी!"

श्यामला हसली नाही, पण उठूनही गेली नाही. हा कागद तिने ओढून घेतला आणि वाचला. दोन ठिकाणी माझी वेलांटी दुरुस्त केली. ओटीच्या कलमापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "शर्टाचा घोळ धरला होता, हे तुमच्या लक्षात आहे?" आणि फोन उचलला. तिकडे सकाळ होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचे आम्ही सर्वांनी ऐकले.

"डेल्मा, श्यामला बोलतेय. माझा नवरा तुझ्यासाठी मृत्युपत्र लिहितोय."

"तो मेला?"

"नाही, समोर बसलाय. चकली खातोय."

"त्याला सांग, हळू खा."

"ते मी बघते. तू तुझं सांग. मागच्या महिन्यात तुला चक्कर आली होती, असं नाताळच्या कार्डांची यादी विचारताना तू वैभवीला बोललीस. ब्लड प्रेशर कोणी बघितलं?"

"नर्सनं. गोळ्या दिल्या."

"घेतेस?"

"आठवेल तेव्हा."

"किती वेळा आठवतं?"

मग डेल्मा म्हणाली, "रविवारी, चर्चनंतर."

श्यामलेने माझ्या हातातून पेन काढून घेतले. ती डॉक्टरच्या आवाजात बोलू लागली, जो आवाज मला माझ्या जाळीनंतर चांगला ओळखू येतो. "ऐक. निम्मं घर माझं आहे. माझी एक अट आहे, ती मी इथे लिहितेय. गोळी रोज. रविवारसुद्धा. मी रोज फोन करून विचारणार. एक चुकली तर बदकवाल्यांना मी स्वतः लिहीन."

"रविवारी सुट्टी दे," डेल्मा म्हणाली. "देवही घेतो."

"देवाचं प्रेशर नॉर्मल आहे."

पुष्कर मोठ्याने हसला. तिकडे खुर्ची सरकल्याचा, कपाट उघडल्याचा, आणि मग डबीतल्या गोळ्या खुळखुळल्याचा आवाज आला. नळ सुटला. डेल्मा पाणी प्यायली, हे आम्हाला घोटासकट ऐकू आले.

"झालं," ती म्हणाली. "आता लिही."

पुढचे कलम श्यामलेच्या अक्षरात आहे.

कलम ९. मी, डॉ. श्यामला रघुवीर कोळेकर, वरील जमिनीतील माझ्या हिश्शापुरती कलम ५ ला संमती देते. डेल्मा हॉस्किन्स हिने त्या घरात तहहयात राहावे. अट एकच: रक्तदाबाची गोळी रोज. ही अट मोडली आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त माझा. माझ्या हिश्शाचे कागद पुष्करने याच आठवड्यात वकिलांकडे द्यावेत. माझे नाव जमिनीवर राहू द्यावे. रोज फोन करायला निमित्त लागते.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले, श्यामलेचे कलम तिने वाचून दाखवले. साक्षीदार दोघीही या टेबलाशी एकाच वेळी हजर होत्या आणि दोघींपैकी कोणीही ड्रिल मागितला नाही.

सही: रघुवीर महादेव कोळेकर

संमतीची सही: श्यामला रघुवीर कोळेकर

साक्षीदार १: आश्लेषा दातार, शेजारीण, साउथहॅम्प्टन

साक्षीदार २: शशी उपासनी, श्यामलेची हॉस्पिटलातील सहकारी

व्यवस्थापक म्हणून स्वीकार: पुष्कर. "ऑब्जेक्शन कायम. काम करीन."

मुक्काम साउथहॅम्प्टन, रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५. आजची गोळी घेतली.